टाकी क्रमांक दोन

—नाही नाही मॅडम, तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. फक्त ती शेवटची पायरी जपून, उंच आहे. सगळे तिथेच ठेचकाळतात. गवंड्याचा अंदाज चुकला — दहा पायऱ्या सारख्या घातल्या आणि उरली तेवढी उंची अकरावीच्या बोकांडी बसवली. हं, आलात. मी म्हटलं होतं आधी चहा घ्या, ऊन जरा कलू दे, मग जाऊ वर. पण तुम्ही म्हणालात ड्यूटी. बरोबर आहे. मीही सरकारी खात्यातलाच, चौतीस वर्षं, ड्यूटी मला कळते. आम्ही ड्यूटीच्या आधी चहा घ्यायचो एवढाच काय तो फरक. ते पत्र आणलंय ना तुम्ही? — नको, राहू दे, मला तोंडपाठ आहे. 'आपल्या इमारतीचे छत सौर योजनेस पात्र ठरले आहे. छतावरील टाकी क्रमांक दोन हिची सावली नियोजित पॅनेलवर पडत असल्याने सदर टाकी येत्या गुरुवारी योजनेतर्फे विनामूल्य हलवण्यात येईल.' विनामूल्य! आयुष्यात पहिल्यांदा सरकार मला काही फुकट द्यायला निघालंय आणि नेमकं तेच मला नकोय. आता याला काय म्हणायचं?

इकडे या, या कोपऱ्यात, इथून सगळं छत दिसतं. ऊन बघा! आहे की नाही? वर्षातले तीनशे दिवस असंच. लहानपणी आम्ही या उन्हाला शिव्या द्यायचो, आता त्याला 'साधनसंपत्ती' म्हणतात. शब्द बदलला, चटका तोच आहे. आणि हे सगळं ऊन मोजलेलं आहे बरं का, मॅडम — मोजणारा कोण, सांगा? मी! म्हणजे एकटा नाही, आम्ही बाराजण होतो नकाशा-विभागात. सहा वर्षांपूर्वी वरून फर्मान आलं, देशात किती छतं आहेत आणि त्यांच्यावर किती वीज होऊ शकते ते काढा. तो आकडा मंत्र्यांनी भाषणात सांगितला ना, 'आपल्या डोक्यावर एवढी वीज नुसती पडून आहे' — तो आमचा आकडा. त्याला 'क्षमता' म्हणतात. क्षमता म्हणजे काय, सांगू? जे होऊ शकलं असतं आणि झालं नाही, ते. शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर गुरुजी दरवर्षी लिहायचे, 'मुलात क्षमता आहे.' तेव्हापासून मी त्या शब्दाला ओळखून आहे.

आणि गंमत ऐका, हे सगळं ऊन आम्ही मोजलं कुठे? तळघरात. खिडकी नाही, दोन ट्यूबलाइट, आणि एसी असा की मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. समोर संगणक, त्यावर विमानातून काढलेले फोटो. एकेका छताभोवती रेघ मारायची आणि आत रंग भरायचा. पिवळा म्हणजे मोकळी जागा, निळा म्हणजे टाकी, राखाडी म्हणजे जिना, लाल म्हणजे बांधकाम. दिवसाला दोनशे छतं झालीच पाहिजेत. आमच्या साहेबांना आम्ही 'फूटपट्टी' म्हणायचो, ते मागून फिरायचे आणि म्हणायचे, 'विचार करू नका, रंग भरा.' मी माझ्या हाताने छत्तीस हजार छतं रंगवली. छत्तीस हजार घरांच्या डोक्यावरून फिरलोय मी, आणि एकाही घराचं दार पाहिलेलं नाही. वरून दार दिसतच नाही हो. वरून पाहिलं की सगळं एकसारखं — चौकोन, चौकोन, चौकोन.

—तिकडे कशाला जाताय? तिकडे काही नाही. पॅनेल इकडे बसणार ना, दक्षिणेला? ती काळी प्लास्टिकची दिसते ती टाकी क्रमांक एक. खरी टाकी. म्हणजे — दुसरीही खरीच, खोटी कशाला असेल, खात्याच्या नकाशात आहे म्हटल्यावर. ती, हो, तीच. विटांची आहे, जुन्या पद्धतीची. दहा बाय आठ. वर पत्रा आहे, पाण्यात कचरा पडू नये म्हणून. खिडकी? ती — हवा खेळती राहायला नको का, मॅडम? कोंडलेल्या पाण्याला वास येतो. पडदा आहे कारण ऊन थेट पाण्यावर पडलं की शेवाळ धरतं. पत्र्यावर ओली पोती टाकलीत ना, तीही त्यासाठीच, पाणी थंड राहतं. चपला... चपला बाहेर काढलेल्या आहेत. हो. दिसतायत मला. आता पिण्याच्या पाण्यापाशी कुणी चपला घालून जाईल का, तुम्हीच सांगा.

रेडिओ. हो, ऐकू येतोय मलाही.

बरं. झाकली मूठ किती वेळ झाकायची. माझी थोरली बहीण राहते तिथे. ताई. दुपारी गाणी लागतात ती ऐकते, आवाज बारीक ठेवते, कुणाला त्रास नको म्हणून. आता तुम्ही ते टॅबमध्ये लगेच लिहू नका, आधी ऐकून घ्या, दोन मिनिटं. म्हणजे कसंय, हे सगळं आठ-पंधरा दिवसांपुरतं होतं. मुलाचं लग्न ठरलं, खाली दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या — पूर्वेची ताईची, पश्चिमेची माझी. नव्या जोडप्याला खोली नको? तर ताई म्हणाली, मी जाते वर, मला वरची हवा आवडते. म्हणजे, आधी मी म्हणालो की ताई, वर हवा चांगली आहे. मग ती म्हणाली की मला आवडते. गवंडी बोलावला, चार दिवसांत भिंती, पाचव्या दिवशी पत्रा. सोबत तो जिनाही घाईत वाढवला, ती पायरी तेव्हाचीच. परवानगी? आठ-पंधरा दिवसांच्या गोष्टीला कोण परवानगी काढतं? नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं आणि दोन महिने.

तर मी सर्व्हेत होतो तेव्हा आमच्याच भागाचे फोटो माझ्या संगणकावर आले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. आता माझ्यापुढे प्रश्न — या खोलीत रंग कुठला भरू? नियमाने लाल. पण लाल भरला की यादी नगरपालिकेकडे जाणार, तिथून नोटीस येणार, विनापरवाना बांधकाम पाडा. ताईला कुठे नेऊ? तेव्हा मुलगा-सून खालीच होते. फूटपट्टी दोन टेबलांपलीकडे उभे. मी विचार केला नाही, रंग भरला. निळा. एका क्लिकमध्ये माझी बहीण टाकी झाली. संध्याकाळी घरी येऊन तिला सांगितलंसुद्धा, ताई, आजपासून तू पाणीपुरवठ्यात आहेस. हसली ती. म्हणाली, चला, निदान कुणाच्या तरी उपयोगी आहे असं कागदावर तरी आलं. चांगली विनोदी आहे ती, तशी कमी बोलते.

आता बघा, मी हुशारी करायला गेलो आणि धोंडा नेमका कुणाच्या पायावर पडला. लाल भरलं असतं तर काय झालं असतं? नोटीस आली असती. नोटिशीला उत्तर, उत्तराला तारीख, तारखेला साहेब रजेवर, पुढची तारीख. मला माहीत नाही का आपलं कामकाज? लाल खोल्या वीस-वीस वर्षं उभ्या आहेत या शहरात, नातवंडांची लग्नं झाली त्यांत. पण टाकी! टाकीला सुनावणी नाही, मॅडम. टाकीला बाजू मांडायची सोय नाही. टाकी सावली पाडते, टाकी हलवा, गुरुवारी क्रेन येते, संपलं. तुमच्या विभागाला फोन केला तर ते म्हणाले, काका, घाबरू नका, आत काही असेल तर आदल्या दिवशी रिकामं करून ठेवा. रिकामं करून ठेवा!

तळमजल्यावरचा घड्याळवाला, त्यानेच इमारतीतर्फे अर्ज भरला. त्याचा काय दोष, त्याला वाटलं टाकी म्हणजे ती काळी. मी सही करताना बोलायला हवं होतं, पण सगळ्यांसमोर काय बोलणार? की माझ्या बहिणीला मी... तर सही केली. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, तुम्ही एक वाक्य लिहा फक्त. 'टाकी जुनी आहे, हलवल्यास फुटेल.' यात खोटं काय आहे? सत्तरी ओलांडलीय तिने, गुडघे गेलेत, हलवली तर खरंच फुटेल. नाहीतर असं लिहा की सावली पडत नाही. सावली तुम्ही मोजणार, यंत्र तुमचं, सूर्याला काय विचारायला येणार आहेत?

हसू नका. म्हणजे हसा, हसलात तर बरंच. पण लिहा.

गुडघे? हो, दोन्ही. ती पायरी ती बसून उतरते. आधी पिशवी खाली ठेवते, मग स्वतः बसते, मग पाय सोडते — लहान पोरं उतरतात ना, तशी. सकाळी सहाला खाली येते, पोळी-भाजी करते, नऊला वर. संध्याकाळी पुन्हा. म्हणजे हो, दिवसातून दोनदा उतरते आणि दोनदा चढते. स्वयंपाक तीच करते. मला येत नाही. तिने शिकवलाच नाही, म्हणायची तू नकाशे काढ. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ती चौदाची. शेजारच्या शिंपीणबाईंकडे जाऊन शिवण शिकली आणि त्यावर घर ओढलं. मला सरळ रेघ मारायला कुणी शिकवलं? तिने. कापडावर खूण करायच्या खडूने. जमिनीवर कापड पसरायची, माझा हात धरायची आणि म्हणायची, खडूकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ, रेघ आपोआप सरळ येते. खात्यात सगळे म्हणायचे, काय हात आहे तुमचा! तो हात तिचा हो. त्याच हाताने मी...

काही नाही. ऊन लागतंय जरा.

सांगतो. तुम्ही विचारलंच आहे फोटोत काय दिसलं, तर सांगतो, हे ताईलाही सांगितलेलं नाही. फोटो दुपारी बाराचे असतात, सावल्या आखूड पडाव्यात म्हणून. आमचं छत आलं पडद्यावर. काळी टाकी. जिना. ही खोली. आणि खोलीशेजारी एक पांढरा चौकोन — चादर वाळत घातलेली — आणि चादरीपाशी एक ठिपका. एवढासा, मोहरीएवढा. त्याला तेवढीच सावली चिकटलेली. मी मोठं करून पाहिलं, मोठं केलं की ठिपका फुटतो, काही दिसत नाही. पण मला कळलं. ताई. बाराच्या उन्हात, तापलेल्या गच्चीवर, चादरीची कडा हातात धरून उभी. ती चादरीच्या सावलीत उभी होती, मॅडम. कारण त्या वेळी पत्र्याखाली बसवत नाही. मी तळघरात स्वेटर घालून बसलो होतो आणि पाहत होतो.

नियम असा आहे की हलणाऱ्या वस्तू पुसायच्या. माणसं, कुत्री, वाळत घातलेले कपडे. क्षमतेत ती धरत नाहीत. एक बटण असतं. मी आधी चादर पुसली. मग तो ठिपका. खाली मोकळी जागा आली, तिच्यात पिवळा भरला. तीन चौरस मीटरची भर पडली देशाच्या आकड्यात. लाज वाटली मला. फार लाज वाटली. तेव्हाच ठरवलं होतं, घरी गेलो की पहिली गोष्ट ही करायची, ताईला म्हणायचं की—. पण मुलगा-सून होते ना तेव्हा. जागाच नव्हती.

आता? आता ते दुसऱ्या शहरात असतात. नोकरी तिकडे लागली दोघांनाही. झाली की, पाच वर्षं झाली. सून चांगली आहे हं, तिला दोष देऊ नका. जाताना मला म्हणाली, बाबा, आता आत्यांना खाली घ्या, खोली रिकामी झालीय. मी म्हटलं, घेतो की. बायको? ती लग्नाच्या आधीच गेली, अकरा वर्षं होतील. तर खाली सध्या मी एक... मी असतो.

नाही, रिकामी नाही अगदी. पूर्वेच्या खोलीत माझे नकाशे आहेत. निवृत्त झालो तेव्हा खात्याने जुने नकाशे रद्दीत काढले होते, मी घेऊन आलो. गुंडाळ्या आहेत, शंभरेक. कुठे ठेवणार? पलंगावर आहेत, जमिनीवर आहेत, मशीनवर आहेत. शिवणाचं मशीन, ताईचं. ते वर आलंच नाही. लोखंडी पायांचं ना, चौघांनी उचललं, दहा पायऱ्या चढवलं आणि अकरावीला अडलं. ती म्हणाली राहू दे खालीच, खिडकीपाशी, मी येईन परत तेव्हा लागेलच. तेव्हापासून हातानेच शिवते वर, जिन्याच्या सावलीत बसून.

का नाही आणलं खाली, काय 'का' मॅडम? तुमचं वय लहान आहे, तुम्हाला वाटतं तोंड उघडायचं आणि बोलायचं. पहिल्या महिन्यात वाटलं, ती म्हणेल. दुसऱ्या महिन्यात वाटलं, ती का म्हणत नाही? तिला आवडत असेल वर. वर्ष गेलं, मग कुठल्या तोंडाने म्हणणार, की ताई, खोली वर्षभर रिकामी आहे, मी नुसते कागद ठेवलेत तिच्यात? एकदा चुकलेली रेघ खोडली की कागदाला डाग पडतो, त्यापेक्षा तिला रस्ताच म्हणून टाकायचं, हे आमच्या विभागात सगळे करतात. आणि तीही काही बोलत नाही. रोज माझ्या ताटात पोळी वाढते, त्या बंद दारासमोरून जाते, आणि बोलत नाही. मी वाट बघतो ती विचारेल म्हणून. ती वाट बघत असेल... मला नाही माहीत ती कशाची वाट बघते.

लिहिताय तुम्ही. काय लिहिताय? — हा रकाना मला भरायचा? मालकाने? बघू, चष्मा... 'टाकी मालक स्वतः हलवू इच्छित असल्यास नवीन जागा नमूद करावी.' हे होतं या अर्जात? पहिल्यापासून? मग मी इतका वेळ छताच्या कडेला उभा राहून माझी इभ्रत वाळत घालत होतो ती कशाला! आणि मुदत? बुधवार संध्याकाळ. पेन चालतं ना या काचेवर? बोटाने लिहायचं? ते मला नाही जमायचं, मॅडम, तुम्हीच लिहा, मी सांगतो. लिहा. 'टाकी क्रमांक दोन मालक स्वतः हलवतील. नवीन जागा — दुसरा मजला, पूर्वेची खोली.' पुढे लिहा, 'खिडकीजवळ.' मावतंय का? मशीनपाशी. हो, लिहा, 'मशीनपाशी', तुमच्या साहेबांना नाही कळलं तरी चालेल. कारण? कारणाचा रकानाही आहे? काय लिहायचं कारण... 'सावली' लिहा. पाडते म्हणून नाही हो. तिला मिळावी म्हणून. बरं, असू दे, नुसतं 'सावली' लिहा, आपल्या खात्याला तेवढं पुरतं.

थांबा, थांबा. सही करू नका अजून. मी एकदा तिला विचारलेलंच नाही. वर पाठवतानाही विचारलं नव्हतं, निदान खाली नेताना तरी—

रेडिओ बंद झालाय. कधी बंद झाला? तुमच्या लक्षात आलं होतं? केव्हापासून? — त्या चादरीच्या आधीपासून?

ताई... ताई, मी आहे. हे योजनेचे लोक आलेत. मी म्हणत होतो की... पूर्वेची खोली... तुला विचारावं म्हटलं.

ऐकलंत, मॅडम? काय म्हणते ती? म्हणते, 'टाकीला कधीपासून विचारायला लागलास?'

कडी वाजली. तुम्ही निघा आता, तुमचं काम झालं, हे पुढचं काही खात्याचं नाही. जा तुम्ही. आणि पायरी जपून — उतरताना तीच पहिली येते.